सांगायचं कुणाला? पुण्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात अत्याचार करणारा बहुतेक वेळा घरातला, नात्यातला किंवा ओळखीचा असतो. त्यामुळे मुलाने सांगायचं ठरवलं, तरी सांगायचं कुणाला, हा पहिला प्रश्न. पुण्यात तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तेव्हा मुलींची लग्नं आठ-दहा वर्षांच्या वयात होत, आणि अनेकींना कळत्या वयाआधीच वैधव्य येई. घरातल्याच पुरुषाने फशी पाडलं, तरी बदनामी तिचीच. फुल्यांनी ब्राह्मण वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर कागद चिकटवले : इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल सोबत न्या किंवा इथे ठेवा, तुमच्या खुशीवर. १८८४ पर्यंत अशा ३५ विधवा आल्याचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या कागदावर दोष कुणालाच दिलेला नव्हता, फक्त ठिकाण सांगितलं होतं. पुढच्या साऱ्या कामाचं मूळ मला तिथेच दिसतं.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी, अगदी बायको असली तरी, शरीरसंबंधासाठीची वयाची अट दहावरून बारा झाली. पुण्यात त्यावरून रण माजलं. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं. आगरकर ‘सुधारका’तून आणि रा. गो. भांडारकर शास्त्राधाराने कायद्याच्या बाजूने. या गदारोळात त्या मुलींना मात्र कुणी विचारलं नाही.

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा या आदिवासी मुलीवर ठाण्यात बलात्कार केल्याच्या खटल्यात पोलिसांना निर्दोष सोडलं. त्याविरुद्ध १९७९ मध्ये निघालेल्या चार कायदेतज्ज्ञांच्या खुल्या पत्रावर पुण्याच्या वसुधा धगमवारांची सही होती. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरला. ऐंशीच्या दशकात लेखिका-कार्यकर्त्या विद्या बाळ आणि नारी समता मंच या संघटनेने इथल्या बायकांना घरातल्या हिंसेविषयी बोलतं केलं. मुलांचं ऐकायला मदतीचा फोन नंबर आला तो १०९८. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. पुण्यात ‘ज्ञानदेवी’ संस्थेने ती अनेक वर्षं चालवली.

२००७ मध्ये केंद्र सरकारच्या अभ्यासाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणता ना कोणता लैंगिक अत्याचार सोसल्याचं मांडलं. मुलग्यांचं प्रमाणही मोठं होतं. ‘आमच्याकडे असलं नसतं’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं.

१४ नोव्हेंबर २०१२ ला पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. अठरा वर्षांखालची मुलं-मुली दोघंही त्यात आली. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही, आरोपी समोर येऊ द्यायचा नाही. चोवीस तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या जिल्ह्यातल्या समितीला, कळवायचं. समिती सपोर्ट पर्सन नेमते. रुग्णालयापासून कोर्टापर्यंत तो माणूस मुलासोबत असतो, आज काय होणार ते त्याला कळेल अशा भाषेत सांगतो. खटला लांबला की मूल यांच्याच आधारावर टिकतं. त्यांची संख्या वाढायलाच हवी.

याच कायद्याने कळवणं सक्तीचं केलं. गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. पूर्वी समुपदेशक खासगीत ऐकून घेऊ शकत. आता कळवावंच लागतं. आरोपी घरचा कमावता असेल तर आई आधी घाबरते ती याला. तिच्या भीतीवर रागावून काही होत नाही, खर्चाची आणि राहण्याची सोय लावावी लागते.

शाळांसाठी २०२२ मध्ये सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी समिती नेमण्याचा, आदेश निघाला. पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर शासनाने पुन्हा आदेश काढला : सीसीटीव्ही, समिती, तक्रारपेटी. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी लावलेली असेल तर तिच्यात चिठ्ठी टाकायला मूल धजावत नाही. ती पोरांचा हात पोचेल अशा जागी हवी, आणि ती कोण उघडतं हे पहिलीतल्या पोरालाही माहीत हवं. पालकसभेत एवढं तरी विचारा.