परदेशात शिकून प्राथमिक शिक्षक व्हायचंय? आधी वर्ग ठरवा, मग देश

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

परदेशी शिक्षणाबद्दल सल्ला देणाऱ्या आमच्या कार्यालयात येणारे बहुतेक जण देशाचं नाव घेऊनच येतात. कुणाचा मावसभाऊ मेलबर्नला असतो, कुणी फिनलंडच्या शाळांचा व्हिडिओ पाहिलेला असतो. आम्ही मात्र पहिल्या भेटीत दुसरंच विचारतो : शिकून झाल्यावर पहिली-दुसरीच्या कुठल्या वर्गासमोर उभं राहायचं आहे? तिथल्याच एखाद्या शाळेत, पुण्या-मुंबईतल्या आयबी किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळेत, की जिल्हा परिषदेच्या शाळेत? इंजिनिअर एका देशात शिकून दुसऱ्या देशात सहज नोकरी शोधतो. शिक्षकाचं तसं नाही. लहान मुलांना शिकवण्याचा परवाना प्रत्येक देश स्वतः देतो, आणि अमेरिका, कॅनडासारख्या ठिकाणी तर प्रत्येक राज्य किंवा प्रांत वेगळा देतो. वर्ग ठरला नसेल तर कोर्सची निवड निव्वळ अंदाजपंचे होते, आणि त्या अंदाजावर वीस-तीस लाखांचं कर्ज काढू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

पदवी हातात, पण परवाना नाही

सर्वांत जास्त गोंधळ इंग्लंडच्या बाबतीत होतो. तिथे 'एमए एज्युकेशन' हा एक वर्षाचा कोर्स आहे. प्रवेश त्यामानाने सोपा, जाहिराती भरपूर. अभ्यास शिक्षणशास्त्राचा, पण या पदवीने इंग्लंडच्या सरकारी शाळेत शिकवण्याची पात्रता मिळत नाही. ती मिळते 'क्यूटीएस' (पात्र शिक्षक) या दर्जाने, आणि त्यासाठी क्यूटीएस जोडलेला पीजीसीई (प्राथमिक) हा पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षण कोर्स करावा लागतो. तोही साधारण वर्षभराचाच, पण त्यातले किमान १२० दिवस शाळेत जातात. प्रवेशासाठी पदवी हवी आणि दहावीच्या पातळीवर इंग्रजी, गणित आणि विज्ञान या तिन्ही विषयांत तिथल्या जीसीएसई या शालेय परीक्षेच्या चौथ्या श्रेणीइतकी पात्रता सिद्ध करावी लागते. माध्यमिकसाठी विज्ञानाची अट नाही, प्राथमिकसाठी आहे, कारण प्राथमिकचा शिक्षक सगळेच विषय शिकवतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागू शकते. अर्ज करण्याआधी हे त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडने भारतीय शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्जाची वाट उघडली, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. ती वाट ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी होती. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांना तिचा उपयोग नव्हता, आणि बातमीच्या मथळ्यात हे कुठेच नव्हतं.

शिक्षण संपल्यावर तिथे थांबण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो अठराच महिने मिळणार आहे. जानेवारी २०२४ पासून अशा, संशोधनाच्या नव्हे तर वर्गात शिकवल्या जाणाऱ्या, मास्टर्स कोर्सला जाणाऱ्यांना जोडीदार किंवा मूल सोबत नेता येत नाही. लग्न ठरलेल्या मुलींच्या घरी ही गोष्ट आधीच बोललेली बरी.

मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी असेल तर परदेशी न जाताही एक पर्याय आहे. २०२२ पासून 'आयक्यूटीएस' सुरू झाला आहे : प्रशिक्षण इंग्लंडच्या संस्थेचं, सराव मात्र तुम्ही आहात त्या देशातल्या शाळेत. पात्रता क्यूटीएसच्या तोडीची. आमचं कमिशन बुडतं तरी हा पर्याय आम्ही सांगतो.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया

पदवी झालेली असेल आणि तिथेच शिकवायचं असेल, तर आज आम्ही आधी न्यूझीलंड दाखवतो. तिथे एक वर्षाचा ग्रॅज्युएट डिप्लोमा ऑफ टीचिंग (प्राथमिक) आहे. मार्च २०२५ मध्ये प्राथमिक शिक्षकांना थेट निवासाच्या ग्रीन लिस्टमध्ये, म्हणजे तिथे हव्या असलेल्या व्यवसायांच्या यादीत, घेतलं गेलं. अशा याद्या सरकारं बदलत राहतात, म्हणून केवळ यादी बघून देश निवडू नका. अडथळा इंग्रजीचा आहे : आयईएल्टीएस या इंग्रजी भाषेच्या चाचणीच्या अ‍ॅकॅडमिक परीक्षेत चारही कौशल्यांत ९ पैकी किमान ७. सरासरी ७ चालत नाही. लेखनात साडेसहावर अडकणारे पुष्कळ असतात, त्यामुळे तयारीला सहा महिने धरा. शिवाय तिथल्या शिक्षकाला माओरी भाषा वर्गात वापरावी लागते आणि १८४० च्या वैतांगी कराराचा अर्थ समजून घ्यावा लागतो. हा कोर्सचाच भाग आहे, शोभेचा नाही.

ऑस्ट्रेलियात मास्टर ऑफ टीचिंग (प्राथमिक) दोन वर्षांचा. त्यात किमान ६० दिवस शाळेतला सराव, आणि उत्तीर्ण होण्यासाठी 'लँटाइट' ही भाषा व अंकज्ञानाची परीक्षा. पुढे स्थलांतरासाठी एआयटीएसएल या संस्थेकडून पात्रता तपासून घेताना आयईएल्टीएसमध्ये वाचन-लेखनात ७ आणि ऐकणं-बोलण्यात तब्बल ८ लागतात. हीच संस्था देखरेखीखाली घेतलेल्या किमान ४५ दिवसांच्या अध्यापन सरावाचा पुरावाही मागते. तेव्हा डी.एल.एड.च्या आंतरवासितेची (शाळेतल्या सरावाची) नोंद, शाळेचं पत्र, टाचणवह्या, मार्गदर्शकांचे शेरे यांतलं काहीही रद्दीत देऊ नका. बारावी आणि डी.एल.एड. एवढ्यावर मात्र ही तपासणी पार होत नाही, पदवी लागतेच.

खर्चाचा अंदाज येण्यासाठी : ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसासाठी एका वर्षाच्या राहणीचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, फी आणि प्रवास वेगळा. व्हिसा अर्जाची फी जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झाली आहे आणि व्हिसा नाकारला गेला म्हणून ती परत मिळत नाही.

फिनलंडचं स्वप्न

फिनलंडबद्दल विचारणाऱ्यांचा हिरमोड करणं आमच्या वाट्याला नेहमी येतं. तिथल्या प्राथमिक शिक्षकाला १९७० च्या दशकाच्या अखेरपासून मास्टर्स पदवी सक्तीची आहे, मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात, शिक्षकी पेशाला मान आहे, हे सगळं खरं. यूवास्कूला शहरात उनो सिग्नेयुस या शिक्षणतज्ज्ञांनी १८६३ मध्ये सुरू केलेल्या अध्यापक विद्यालयातून तिथलं आजचं विद्यापीठ वाढलं. पण त्या वर्गात शिकवायचं तर फिनिश किंवा स्वीडिश अस्खलित लागते. इंग्रजीतून शिकवले जाणारे मास्टर्स कोर्स आहेत. ते शिक्षणव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी उत्तम, तिथे वर्गशिक्षक होण्यासाठी बहुधा निरुपयोगी. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून फीही भरावी लागते. भारतात परतून अभ्यासक्रम-विकास, शिक्षक-प्रशिक्षण किंवा स्वयंसेवी संस्थेत काम करायचं असेल तर जरूर जा.

आयर्लंडला इंग्रजी चालते म्हणून जाऊ पाहणाऱ्यांनी थांबावं : तिथल्या प्राथमिक शिक्षकाला आयरिश भाषा शिकवता यावी लागते. जर्मनीत जर्मन. कॅनडाच्या ऑन्टॅरिओत पदवीनंतरचं बी.एड. २०१५ पासून चार सत्रांचं आहे आणि परवाना त्या प्रांतापुरता. अमेरिकेत प्रत्येक राज्याची अट वेगळी, आणि शिक्षणशास्त्राच्या बहुतेक पदव्यांना शिक्षणानंतर कामासाठी बारा महिनेच मिळतात. तिथे शिक्षकांसाठी जे-१ हा देवाणघेवाणीचा व्हिसाही आहे, पण तो किमान दोन वर्षांचा अनुभव असलेल्यांना.

नोकरीत असलेल्यांसाठी जपान

हा पर्याय फार कमी जणांना माहीत असतो. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्ती आहे. वय पस्तिशीच्या आत, प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेतला पाच वर्षांचा अनुभव, आणि दीड वर्ष जपानमध्ये राहण्याची तयारी. सुरुवातीचे सहा महिने जपानी भाषा, नंतर विद्यापीठात प्रशिक्षण. विमानभाडं आणि मासिक भत्ता मिळतो, फी नसते. पदवी मिळत नाही, आणि ती मिळणार नाही हे कळल्यावर अर्धे जण उठून जातात. जे राहतात त्यांना तिथला 'पाठ-अभ्यास' जवळून बघायला मिळतो : एका शिक्षकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे बघायचं, आणि नंतर सगळ्यांनी मिळून चर्चा करायची. आपल्या केंद्रसंमेलनात हे करून बघण्यासारखं आहे. मुलांनीच जेवण वाढणं आणि वर्ग झाडणं हेही तिथल्या शिक्षणाचा भाग आहे. अर्ज दिल्लीतल्या जपानी दूतावासामार्फत होतो. सरकारी सेवेत असाल तर ना-हरकत आणि अध्ययन रजेचा अर्ज आधी टाका.

परत यायचं असेल तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत यायचं ठरलं असेल, तर परदेशी पदवी तिथे डी.एल.एड.ची जागा घेत नाही. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि राज्य सरकारचं 'पवित्र' हे शिक्षक-भरतीचं पोर्टल, हीच वाट आहे. बी.एड.सुद्धा या इयत्तांसाठी चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला स्पष्ट केलं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर सेवेतल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असेल तर, टीईटी आवश्यक ठरवली. म्हणून डी.एल.एड. अर्धवट सोडून कुणी परदेशी जायचं म्हणालं, तर आम्ही थेट नाही म्हणतो. डी.एल.एड. पूर्ण करा, जाण्याआधी पेपर एक देऊन टाका. प्रमाणपत्र आता आजीवन वैध असतं, ते कपाटात पडून राहिलं तरी बिघडत नाही.

आंतरराष्ट्रीय शाळांचं गणित वेगळं. आयबीच्या प्राथमिक कार्यक्रमात ३ ते १२ वयोगट येतो, केंब्रिज प्रायमरीत ५ ते ११. तिथे पीजीसीई किंवा मास्टर ऑफ टीचिंगला वजन आहे. तरीही नेमणूक करणारे वर्गातला अनुभवच आधी विचारतात.

माँटेसरीसाठी इटलीला जाऊ का, असंही विचारतात. मारिया माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या आणि युद्धकाळात भारतातच राहिल्या. आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघटनेची पदविका आजही भारतात मिळते. आणि त्याआधी पालघर जिल्ह्यातलं कोसबाड पाहून या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण आदिवासी पाड्यांवर कसं नेलं हे समजायला पासपोर्ट लागत नाही.

वर्गातलं इंग्रजी

आयईएल्टीएसमध्ये ७ मिळवलेली मुलगी सहा वर्षांच्या गोऱ्या मुलासमोर गडबडते, कारण परीक्षेत पर्यावरणावर निबंध लिहिता येणं आणि "बुटांच्या नाड्या बांध, रांगेत उभा राहा, मित्राला ढकलू नकोस" हे सहज, प्रेमाने म्हणता येणं वेगळं. चित्रांची गोष्टीची पुस्तकं रोज मोठ्याने वाचा आणि रेकॉर्ड करून ऐका. दुसरं, फोनिक्स. मराठीत 'क' म्हणजे 'क'च. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक ध्वनी, आणि ते क्रमाने शिकवण्याची पद्धत ठरलेली आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची फोनिक्स तपासणी होते. सराव-शाळेत पहिल्याच आठवड्यात हे समोर येतं, तेव्हा इथूनच शिकून जा.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियमही आधी समजून घ्या. वर्गाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याची आपली सवय तिथे थेट तक्रारीचा विषय होऊ शकते. पोलीस पडताळणीशिवाय शाळेत पाऊल टाकता येत नाही. इथलं पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. पत्ता बदललेला असेल तर वेळ जातो.

पैसे

शिक्षकाचा पगार परदेशातही आयटीवाल्याचा नसतो. कर्जाचा हप्ता ठरवताना तिथल्या नव्या शिक्षकाचा पगार, त्यातून घरभाडं आणि कर वजा करून उरलेल्या रकमेवर ठरवा. हप्ते सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळातही व्याज चढत राहतं. जमल्यास तेवढं तरी भरत राहा. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जात नाही. स्वतःच्या पैशांतून वर्षाला दहा लाखांपेक्षा जास्त पाठवले तर कापला जातो, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो समायोजित होतो. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला जागतिक क्रमवारीची अट आहे. प्राथमिक शिक्षक घडवण्यात चांगल्या असलेल्या कित्येक संस्था त्या यादीत वर नसतात, म्हणून कोर्स आणि शिष्यवृत्ती दोन्ही एकत्र तपासा.

आम्ही काय करतो, काय करत नाही

कोर्स परवान्याला जोडलेला आहे की नाही हे आम्ही त्या देशाच्या शिक्षक परिषदेच्या यादीत तुमच्यासमोर तपासतो. अर्ज, कागदपत्रं, अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात चालण्यासाठीचं सरकारी साक्षांकन), मुलाखतीची तयारी यांत मदत करतो. व्हिसाची हमी देत नाही. ती कुणी देत असेल तर तिथून निघा. न्यूझीलंडच्या कायद्यानुसार भारतातून आम्हाला फक्त स्टुडंट व्हिसाबद्दल सांगता येतं. निवासाच्या व्हिसासाठी परवानाधारक सल्लागाराकडे जावं लागेल. काही विद्यापीठांकडून आम्हाला कमिशन मिळतं. कुठल्या ते विचारा, आम्ही लेखी देऊ.

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. येताना दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आंतरवासितेची नोंद, पासपोर्ट असल्यास त्याची प्रत आणि घरचं खर्चाचं बजेट दिसेल असा कागद आणा. शक्यतो पालकांपैकी एकजण सोबत असू द्या. आणि तुम्ही घेतलेल्या एखाद्या पाठाचं टाचण आणलंत तर फारच छान, कारण प्रवेशाच्या निवेदनात काय लिहायचं ते बहुतेक वेळा त्यातूनच सापडतं.