वीजवापराच्या नोंदीतील सुरुवातीची उसळी आणि तिची गाळणी

विजेवर चालणारे उपकरण सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचते. इलेक्ट्रिशियन त्याला ‘स्टार्टिंग करंट’ म्हणतात. उपकरणाचा वीजवापर सतत नोंदवणाऱ्या यंत्रणेत ही उसळी आलेख बिघडवते आणि खोटे इशारे वाजवते, म्हणून ती नोंदीतून वेगळी काढतात.

उसळीची कारणे उपकरणागणिक वेगळी आहेत. फ्रिजच्या साध्या कॉम्प्रेसरमध्ये इंडक्शन मोटर असते. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) वेग घेईपर्यंत ती पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या साधारण ५ ते ८ पट प्रवाह ओढते. टीव्ही किंवा संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये रिकामा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) एकदम भरतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते आणि नेमक्या त्या क्षणी बटण दाबले गेले तर धक्का सर्वांत मोठा बसतो. तारेच्या जुन्या बल्बमध्ये थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या तारेच्या मानाने फारच कमी असतो, म्हणून तिथेही उसळी येते.

बिलाच्या दृष्टीने ही उसळी नगण्य आहे. समजा, १२० वॅटचा कॉम्प्रेसर सुरू होताना अर्धा सेकंद १२०० वॅट घेतो. ही ऊर्जा ६०० जूल, म्हणजे ०.१७ वॅट-तास झाली. त्यानंतर तो पंधरा मिनिटे चालला की ३० वॅट-तास खर्च होतात. घोळ होतो तो मोजणीच्या पद्धतीमुळे. दर दहा सेकंदांनी एक रीडिंग देणाऱ्या स्मार्ट प्लगला (वीजवापर मोजणाऱ्या प्लगला) ही उसळी बहुतेक वेळा दिसतच नाही. पण कधी सापडली, तर १२०० वॅट हा आकडा पुढचे दहा सेकंद तसाच धरला जातो आणि हिशेबात ३.३ वॅट-तास चढतात, म्हणजे खऱ्याच्या वीसपट. म्हणून युनिट मोजण्यासाठी प्लगमधल्या मोजणी चिपने स्वतः साठवलेला ऊर्जेचा आकडा वापरावा. वॅटची रीडिंग उपकरण चालू आहे की बंद, एवढे ओळखण्यापुरतीच बरी.

गाळण्याचा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सरासरी, आणि तोच इथे कमी पडतो. पाच लागोपाठची रीडिंग २, २, ११९०, १२१ आणि ११९ वॅट अशी असतील, तर सरासरी सुमारे २८७ येते. एवढी वीज उपकरणाने कोणत्याच क्षणी घेतलेली नसते. हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला, तर ११९ मिळतो. हा सरकता मध्यक (दर नव्या रीडिंगबरोबर शेवटच्या काही रीडिंगांतला मधला आकडा घेणे) १९७०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी प्रचारात आणला. पाच रीडिंगांची खिडकी दोनपर्यंत भलती रीडिंग पचवते आणि त्याबदल्यात दोन रीडिंगांचा उशीर लावते.

दुसरा उपाय वेळेच्या अटीचा: वापर ठरावीक मर्यादेवर सलग काही सेकंद टिकला, तरच ‘चालू’ मानायचे. वॉशिंग मशीनमध्ये ड्रम थांबून उलटा फिरतो तेव्हा दरवेळी मोटर नव्याने सुरू होते, त्यामुळे ‘धुणे संपले’ म्हणण्याआधीही काही मिनिटे थांबावे लागते. ठरावीक वॅटच्या वरचे सगळे कापून टाकणे मात्र टाळावे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा बर्फ वितळवणारा हीटर बराच वेळ काहीशे वॅट घेतो, आणि तो वापर खराच असतो. फरक उंचीपेक्षा कालावधीत आहे. घरातला एमसीबीही (जादा प्रवाह आला की आपोआप तुटणारा स्विच) याच तत्त्वावर चालतो: सी प्रकारचा एमसीबी प्रवाह ठरलेल्या प्रवाहाच्या ५ ते १० पटींच्या दरम्यान कुठेतरी पोहोचला तरच तत्काळ तुटतो, त्याखालचा जादा प्रवाह टिकून राहिला, तर आतली द्विधातूची पट्टी तापून तो तोडते.

गाळताना मूळ नोंद पुसू नये. वीज जाऊन लगेच परत आली, की नळ्यांतला गॅसचा दाब समतोल होण्याआधीच कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो. रोटर अडकतो, प्रवाह उतरत नाही, काही सेकंदांनी ओव्हरलोड प्रोटेक्टर पुरवठा तोडतो आणि निवल्यावर पुन्हा तेच घडते. आलेखात उसळ्या दिसतात, पण त्यांच्यामागे येणारा १२० वॅटचा सपाट भाग नसतो. कॉम्प्रेसर किंवा त्याचा स्टार्टिंग रिले खराब होऊ लागला तरी असेच चित्र उमटते. कडक गाळणीत नेमकी हीच खूण नाहीशी होते. शिवाय उसळ्या मोजल्या, की फ्रिज दिवसातून किती वेळा सुरू झाला ते फुकटात कळते. एकाच मीटरवरून घरातली उपकरणे ओळखण्याचे काम जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात एमआयटीत सुरू केले. त्यांचा भर स्थिर वापराच्या पायऱ्यांवर होता, तर नंतरच्या संशोधकांनी उसळीचा आकारच उपकरणाची ओळख म्हणून वापरला.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग हळूहळू वाढवतो, त्यामुळे त्यात मोटरची अशी उसळी जवळपास नसते. जुन्या फ्रिजसाठी बसवलेली गाळणी त्यावर ठेवली, तर नुसता उशीर वाढतो.