दोन मामा, एकच शुगर

माझे दोन मामा लालबागच्या एकाच चाळीत वाढले आणि चाळिशीनंतर दोघांनाही शुगर निघाली. थोरल्याचा पथ्याशी संबंध नाही. गणपतीतले मोदक बाप्पाआधी त्यालाच पोचतात आणि तरी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं साफ करतात तो रक्तातला कचरा, ०.९, अगदी नॉर्मल! धाकटा साखर सोडाच, बटाट्याकडेही बघत नसे. आज तोच आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिसला जातो, चार-चार तास. त्याच्या मनगटावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या जागेवर, बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. "मीच काय घोडं मारलं होतं?" असं तो विचारतो.

प्रश्न रास्त आहे. मधुमेह असलेल्या सगळ्यांची मूत्रपिंडं बिघडत नाहीत, साधारण दहातल्या तीन-चार जणांची बिघडतात. त्यात शुगर, रक्तदाब आणि आजाराची वर्षं यांचा वाटा मोठा, पण घराण्याचाही आहे. १९८९ साली अमेरिकेत मधुमेही भावंडं तपासली गेली. एकाचं मूत्रपिंड बिघडलेलं असेल, तर दुसऱ्यातही बिघाड सापडण्याचं प्रमाण ८३ टक्के होतं. पहिल्याचं ठणठणीत असेल, तर १७ टक्के. घरं मोजकीच होती, पण तफावत केवढी! आमच्या मामांनी हा हिशेब चुकवला, असं आम्ही समजत होतो.

घराण्यातून नेमकं येतं काय? एक संशय गेला दाहाशी, म्हणजे शरीराच्या आतल्या सुजेशी, संबंधित जनुकांवर. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेल्या साखरेने तिथल्या पेशी त्रासल्या की त्या सीसीएल-२ नावाचा रेणू सोडतात, म्हणजे एक प्रकारची हाकच. ती ऐकून पांढऱ्या पेशी धावत येतात आणि टीएनएफ, आयएल-६ अशी दाहक रसायनं सोडतात. जखम झाली तर हे हवंच, पण इथे साखर रोजची, त्यामुळे हाकाटीही रोजची. वर्षानुवर्षं हे चाललं की गाळणीवर वण धरतात.

टीएनएफचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. जनुकं डीएनएच्या रासायनिक अक्षरांत लिहिलेली असतात. हे जनुक सुरू होण्याच्या ३०८ अक्षरं अलीकडे बहुतेकांत 'जी' हे अक्षर असतं, काहींत 'ए'. जनुकाआधीचा हा भाग रेडिओच्या आवाजाच्या खुंटीसारखा. रसायन तेच, बनतं किती हे तिथे ठरतं. आयएल-६ च्या आधीही १७४ व्या जागी असाच फरक सापडतो. मग अशा एकेका अक्षरावर जगभर शोधनिबंध निघाले. एका देशात 'ए' धोक्याचं ठरलं, दुसऱ्या देशात त्याचा काहीच संबंध दिसेना. दोन-तीनशे रुग्णांत एवढासा परिणाम मोजायचा म्हणजे गर्दीच्या वेळी दादर स्टेशनात कुजबुज ऐकायची.

२०१९ साली टाइप १ मधुमेहाच्या सुमारे १९ हजार रुग्णांचा सगळा जनुकसंच चाळला गेला. सगळ्यात ठळक खूण दाहाच्या जनुकात नव्हतीच! ती होती कोलॅजन या धाग्यासारख्या प्रथिनाच्या एका जनुकात, म्हणजे खुद्द गाळणीच्या विणीत. तिथलं एक अक्षर बदललेलं असेल तर धोका कमी दिसला. (रुग्ण युरोपीय वंशाचे होते. ते आकडे उचलून लालबागला लावणं मला पटत नाही.)

म्हणून दाह निर्दोष सुटला असंही नाही. २०१२ साली बोस्टनच्या जॉस्लिन संस्थेतल्या संशोधकांना दिसलं, की रक्तात टीएनएफचे ग्राही रेणू, म्हणजे टीएनएफ ज्यांना चिकटतं ते, जास्त असलेल्या मधुमेहींची मूत्रपिंडं पुढे निकामी होण्याचा धोका बराच जास्त असतो. जन्मजात अक्षरापेक्षा रक्तात आज निघणारा धूर जास्त बोलका निघाला.

धाकट्या मामाच्या मुलीला गेल्या वर्षी शुगर निघाली. तिने मोबाइलवर लाळेच्या जनुकचाचणीची जाहिरात पाहिली होती. डॉक्टर म्हणाले, ते राहू दे, आधी सकाळची लघवी दे. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण, म्हणजे एसीआर, ३० च्या आत हवं. तिचं १२ आलं. थोरला मामा सोबत गेला होता. लॅबवाल्याने त्यालाही बाटली दिली, कारण इतक्या वर्षांत त्याने फक्त क्रिएटिनिन पाहिलं होतं आणि ते मूत्रपिंडाचं बरंचसं काम गेल्यावरच वाढू लागतं.

त्याचं १४० आलं. ताप किंवा जास्त व्यायाम झाला तरी आकडा चढतो, म्हणून तीन महिन्यांत परत तपासायला सांगितलंय. रिपोर्ट त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलाय. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही.