ऑपरेशनआधी मुठीचा जोर का मोजायचा?

“वय 78, आता ऑपरेशन झेपेल का?” चोपडा, शहादा, साक्रीकडून म्हाताऱ्या माणसाला घेऊन जळगाव-धुळ्याला आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. ईसीजी, टूडी इको, शुगर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल आले की ‘फिटनेस मिळाला’ म्हणून ते मोकळे होतात. पण निंदणीला जाणाऱ्या ऐंशीच्या आजीपेक्षा खाटेवरून उठताना दोनदा मागे बसणाऱ्या पासष्टच्या नानांची काळजी जास्त करायला हवी. ही जर्जरता ना जन्मतारखेत दिसते, ना ईसीजीत. 2001 साली अमेरिकी संशोधक लिंडा फ्राइड यांच्या गटाने तिच्या पाच खुणा मांडल्या: वर्षभरात आपोआप साडेचार किलो वजन घटणं, सततचा थकवा, कमजोर मूठ, मंद चाल आणि कमी हालचाल. तीन जुळल्या तर माणूस जर्जर, एक-दोन जुळल्या तर उंबरठ्यावर.

मुठीचा आणि पोटाच्या ऑपरेशनचा काय संबंध, हे कळायला स्नायूच्या आत जावं लागतं. मज्जारज्जूतली एक चेतापेशी शेकडो स्नायुतंतू हलवते. चेतापेशी आणि तिचे तंतू मिळून एक मोटर युनिट. तंतू ढोबळमानाने दोन जातींचे: टाइप 1 सावकाश पण दीर्घकाळ राबणारे, टाइप 2 झटक्यात जोर देऊन लवकर दमणारे. म्हातारपणी या चेतापेशी कमी होत जातात. पोरक्या तंतूंपर्यंत शेजारच्या चेतापेशीची फांदी फुटून पोचते, पण ती बहुधा सावकाश युनिटची असते, त्यामुळे तंतूही सावकाश होऊन बसतो. ज्यांच्यापर्यंत कुठलीच फांदी पोचत नाही ते झिजतात आणि तिथे चरबी भरते. म्हणून मांडी दिसायला तेवढीच राहते, पण जोर घटतो. आणि जोराच्याही आधी झटका जातो, म्हणजे क्षणात जोर लावण्याची ताकद. खोकणं हा पोटाच्या स्नायूंचा असाच झटका आहे. तो कमी पडला की ऑपरेशननंतर बेडका छातीतच राहतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

शिवाय स्नायू ही शरीराची कणगी आहे. ऑपरेशनच्या ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, स्नायूतलं प्रथिन मोडतं आणि त्यातली अमिनो आम्लं यकृताला, रोगप्रतिकारक पेशींना, जखमेला पुरवली जातात. 2007 च्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना फक्त 10 दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांचं जवळपास 1 किलो मांस गेलं. त्यांना तर जखमही नव्हती. क्रिएटिनिनही स्नायूतूनच येतं. स्नायूच कमी असला तर मूत्रपिंड कमजोर असूनही रिपोर्ट छान दिसतो आणि औषधाचा डोस चुकू शकतो.

मूठ मोजायला डायनॅमोमीटर लागतो, म्हणजे हँडल दाबल्यावर जोर किलोत दाखवणारं यंत्र. पेशंट खुर्चीत, पाय जमिनीवर, कोपर अंगालगत 90 अंशांत, अंगठा वरच्या बाजूला, हँडल दुसऱ्या खाचेत. “नाना, दाबा, दाबा!” म्हणत 3 ते 5 सेकंद दाबायला लावायचं, दोन्ही हातांनी दोन-तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. स्नायू झिजण्याच्या आशियाई निकषांत (2019) पुरुषांत 28 आणि स्त्रियांत 18 किलोच्या खाली गेलं की कमजोर. सलाईनची सुई लावलेला हात, सांधेदुखीची बोटं किंवा वर उचललेलं कोपर आकडा बिघडवतात. आयुष्यभर विळा-कुदळ चालवलेला हात तर उलटाही फसवतो: मूठ कणखर, पाय गेलेले.

म्हणून पायही तपासावेत. खुर्ची भिंतीला टेकवायची, नाहीतर प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते. हात छातीवर बांधून पाच वेळा उठ-बस करायला सांगायचं आणि पाचव्यांदा उभं राहिल्यावर घड्याळ थांबवायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी समजायची. नेहमीच्या चालीचा वेग सेकंदाला 1 मीटरपेक्षा कमी असला तरी तेच. रोजची चप्पल आणि काठी चालेल.

आता अशक्त पेशंटसाठी नातेवाईक मागतात ती ‘ताकदीची सलाईन’. अर्धा लिटर 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे 100 पेक्षा कमी कॅलरी आणि प्रथिन शून्य. एक भाकरी जास्त देते! ठरवून करायच्या ऑपरेशनआधी चार-सहा आठवडे मिळत असतील, तर वजनाच्या दर किलोला रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिन द्यावं. 50 किलोच्या माणसाला निदान 60 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आपली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी इथे उपयोगी आहे: ज्वारीत कमी असलेलं लायसिन हे अमिनो आम्ल उडीद भरून काढतो. जोडीला दूध, अंडी, शेंगदाणे. पण नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूला कामही लागतं: दिवसातून दोन-तीनदा खुर्चीवरून 8-10 उठ-बशा, उठताना झपकन, बसताना सावकाश.

खुब्याचं हाड मोडलं असेल तर मात्र ताकद यायची वाट पाहू नये. तिथे ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत व्हावं आणि दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहावा. अशा पेशंटला चालवता येत नाही, पण मूठ खाटेवरही मोजता येते. आणि पडण्याच्या दोन आठवडे आधी ते स्वतः आंघोळ करत होते का, ओट्यावर येऊन बसत होते का, एवढं घरच्यांनी नीट सांगितलं तर भूलतज्ज्ञाला बराच अंदाज येतो.