राजापूर लोकसभा मतदारसंघ

राजापूर लोकसभा मतदारसंघ : दक्षिण कोकणातील भूतपूर्व एकसदस्यीय मतदारसंघ (१९५७–२००८). आजचा सिंधुदुर्ग जिल्हा व रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग त्यात मोडत असे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्यात उत्तर व दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. दक्षिणेकडील प्रदेश बव्हंशी पुढे राजापूरकडे आला असावा. मात्र राज्यपुनर्रचनेनंतर सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि राजापूर हे नाव १९५७ पासूनच आढळते, म्हणून गणना तेथून करणे अधिक युक्त होय.

तेरा निवडणुकांत येथून केवळ चौघे निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाच्या भरात, १९५७ मध्ये, प्रजासमाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै विजयी झाले. १९६२ व १९६७ मध्येही त्यांनी जागा राखली. मूळचे वेंगुर्ल्याचे नाथ पै हे लोकसभेतील थोर वक्ते. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत, असा निर्णय देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुनःस्थापित करण्यासाठी त्यांनी मांडलेले खाजगी विधेयक घटनात्मक चर्चेत आजही मोलाचे ठरते. लोकसभा विसर्जित झालेली असतानाच १८ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. लगेचच्या निवडणुकीत, इंदिरा लाटेतही, प्रा. मधु दंडवते यांनी ही जागा प्रजासमाजवादी पक्षाकडेच ठेवली. देशभरात त्या पक्षाला तेव्हा दोनच जागा मिळाल्या होत्या. दंडवते सलग पाच वेळा निवडून आले (१९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९). त्यांच्या पक्षाची नोंद करताना काळजी घ्यावी लागते : १९७७ मध्ये जनता पक्ष भारतीय लोक दलाच्या चिन्हावर लढल्याने निवडणूक आयोगाच्या अहवालात तेच नाव आहे, पुढील दोन निवडणुकांत जनता पक्ष, तर १९८९ मध्ये जनता दल. १९८४ मध्ये जनता पक्षाला महाराष्ट्रात मिळालेली एकमेव जागा हीच. रेल्वेमंत्री (१९७७–७९) म्हणून दंडवत्यांनी कोकण रेल्वेचा पाठपुरावा केला आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या.

१९९१ मध्ये सुधीर सावंत निवडून आले. काँग्रेसचा येथील हा एकमेव विजय. १९९६, १९९८, १९९९ व २००४ मध्ये शिवसेनेचे सुरेश प्रभू विजयी झाले.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत राजापूर व रत्नागिरी हे दोन्ही लोकसभा मतदारसंघ रद्द झाले. दापोली व गुहागर रायगडला जोडले गेले. उरलेल्या भागातून रत्नागिरी–सिंधुदुर्ग हा मतदारसंघ झाला. त्याच्या पहिल्याच निवडणुकीत (२००९) काँग्रेसचे निलेश राणे यांनी प्रभूंचा पराभव केला. विधानसभेचा राजापूर मतदारसंघ कायम आहे.