सात मिनिटांचा उशीर

मुंबईत लोकल चुकायला सात सेकंदही पुरतात. पृथ्वी चुकायला लघुग्रहाला सात मिनिटं लागतात. हिशोब सोपा आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगानं पळते आणि तिचा व्यास आहे सुमारे १२,७५० किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या अंगाएवढं अंतर ती सात मिनिटांत मागे टाकते. आदळायला निघालेला दगड ठरल्या जागी सात मिनिटं उशिरा पोचला, तर फलाट रिकामा असतो. (पृथ्वीची ओढ धरली तर थोडा जास्त उशीर हवा, पण मुद्दा तोच.)

विज्ञानकथेतल्या रक्षकांना हा हिशोब फारसा आवडत नाही. त्यांना स्फोट आवडतो. खरं सांगायचं तर शास्त्रज्ञांनाही सुरुवातीला तोच सुचला होता. १९६७ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विद्यार्थ्यांना एक प्रकल्प मिळाला: इकारस नावाचा, किलोमीटरभराहून मोठा लघुग्रह पुढच्या जूनमध्ये पृथ्वीवर आदळणार असं समजा आणि त्याला थांबवा. पोरांनी उत्तर दिलं, चंद्रावर माणूस न्यायला बांधलेली सहा सॅटर्न-५ रॉकेटं आणि प्रत्येकावर १०० मेगाटनांचा अणुबॉम्ब. गंमत म्हणजे हे रॉकेट तोवर एकदाही उडालेलं नव्हतं. इकारस १९६८च्या जूनमध्ये साठ लाखांहून अधिक किलोमीटर अंतरावरून मुकाट निघून गेला.

पण पोरांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या हातात जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष होतं, आणि इतक्या थोड्या वेळात एवढ्या मोठ्या दगडाला दुसरं औषध नाही. तेच दहा वर्षं मिळाली तर? लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरनं बदलला, तर दहा वर्षांत सरळ गुणाकारानंच तो तीन हजार किलोमीटर सरकतो. प्रत्यक्षात तर त्याच्या फेरीचा कालावधीच बदलतो आणि प्रत्येक फेरीत फरक साचत जातो, त्यामुळे एकूण सरक साधारण तिप्पट, नऊ हजार किलोमीटरांच्या घरात जाते. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर. सुटलो!

हे कागदावरचं गणित २७ सप्टेंबर २०२२च्या पहाटे, आपल्याकडे पावणेपाचच्या सुमारास, आकाशात उतरलं. नासाचं 'डार्ट' हे यान डिमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या दगडावर सेकंदाला सहा किलोमीटरांहून जास्त वेगानं आपटलं. यानाचं वजन ५८० किलोच्या आसपास, एखाद्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी. डिमॉर्फस स्वतःहून मोठ्या डिडिमॉस या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. टोला बसल्यावर ही फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी म्हणायचं ठरलं होतं! वेगातला बदल मात्र सेकंदाला जेमतेम २.७ मिलिमीटर. मुंगीसुद्धा याहून जोरात चालते.

एवढा परिणाम झाला तो नुसत्या धडकेनं नाही. डिमॉर्फस हा अखंड कातळ नव्हे, ढिलाईनं जमलेला खडीचा ढीग आहे. धडकेसरशी त्यातून धूळ आणि दगड उलट्या दिशेनं उसळले, आणि बंदुकीचा दस्ता खांद्याला मागे रेटतो तसा त्या उसळीनं डिमॉर्फसला आणखी रेटा दिला. यानाच्या धक्क्याच्या साडेतीनपट काम झालं. मात्र हाच ढीग बेहिशेबी फोडला, तर एका गोळीऐवजी छऱ्यांचा मारा अंगावर घ्यायची पाळी येऊ शकते. म्हणूनच तिथे नेमकं काय झालं ते जवळून पाहायला युरोपचं 'हेरा' यान ऑक्टोबर २०२४मध्ये निघालं.

तेव्हा शस्त्र आहे. कमी पडते ती नजर. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड कुणालाच आधी दिसला नाही, कारण तो सूर्याच्या बाजूनं आला. लख्ख प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी धावले, मागून दाबलहर आली आणि काचांनी दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली. किलोमीटरहून मोठे लघुग्रह आपण बहुतेक हुडकले आहेत. पण एखादा प्रांत उद्ध्वस्त करू शकणारे, १४० मीटर आणि त्यावरचे, अजून निम्म्याहून जास्त सापडायचे आहेत. असा आघात कसला असतो ते बुलढाण्याच्या लोणारला काठावर उभं राहून पाहावं. बेसाल्टमध्ये कोरलेलं पावणेदोन किलोमीटरांहून रुंद भगदाड, आणि ते करणारा दगड त्या भगदाडापुढे अगदीच लहान असणार.

म्हणून मला वाटतं, सूर्यमालेचं रक्षण करणारं भविष्य सेनेपेक्षा पंचांगाच्या कचेरीसारखं दिसेल. शुक्राच्या कक्षेजवळ सूर्याकडे पाठ करून बसलेल्या दुर्बिणी, प्रत्येक दगडाच्या पुढच्या शंभर वर्षांच्या नोंदी, आणि गरज पडली तर एखाद्या दगडाशेजारी दहा-वीस वर्षं नुसतं तरंगत राहून स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं त्याला हळूहळू ओढणारं यान. ही शेवटची कल्पना एडवर्ड लू आणि स्टॅन्ले लव्ह या अंतराळवीरांनी २००५ साली मांडली. तिच्यावर सिनेमा काढला तर प्रेक्षक झोपतील.

पंचांगात न बसणारे पाहुणे मात्र आहेत. जुलै २०२५मध्ये सापडलेला '३आय-अॅटलस' हा धूमकेतू दुसऱ्या ताऱ्याकडून आला होता, सेकंदाला साठेक किलोमीटर वेगानं. सापडला तेव्हा सूर्याजवळ पोचायला चारच महिने उरले होते. त्याचा पृथ्वीला धोका नव्हता, पण अशाला टोला द्यायचा तर यान बांधायलाच वेळ नाही. ते आधीच वर टपून बसलेलं हवं. युरोपचं 'कॉमेट इंटरसेप्टर' थोडं तसंच करणार आहे. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर थांबून सावजाची वाट पाहील, अर्थात फक्त निरीक्षणासाठी.

आणि मग एक गोष्ट आहे जिच्यासाठी कुठलंही यंत्र नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये '२०२४ वायआर-४' हा साठेक मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तीन टक्क्यांवर गेली होती. संभाव्य आघाताचा पट्टा पॅसिफिकमधून निघून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियात शिरत होता. मुंबईही त्यात होती. पुढच्या निरीक्षणांनी पृथ्वीला धोका नाही हे काही दिवसांतच स्पष्ट झालं. पण समजा, तो येतच असता आणि त्याला ढकलायला यान निघालं असतं. टोला अर्धवट बसला, तर दगड पृथ्वी चुकवत नाही. आघाताची जागा त्या पट्ट्यावरून नुसती पुढे किंवा मागे सरकते. समुद्रात पडणारा दगड मुंबईवर येऊ शकतो, नायजेरियावरचा समुद्रात जाऊ शकतो. कुठल्या बाजूला ढकलायचं, हे त्या पट्ट्यावरच्या देशांपैकी कुणी ठरवायचं?