तीन खंडांची योजना आणि न संपणारी कथा

अपूर्ण राहिलेल्या अद्भुतकथेने बेचैन होणारा वाचक फार जुना आहे. १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन किहोते’च्या पहिल्याच प्रकरणात सर्व्हांतेस त्याची ओळख करून देतो. शूर सरदारांच्या कथा रात्रंदिवस वाचणाऱ्या त्याच्या नायकाला ‘डॉन बेलियानीस’च्या लेखकाचे एका गोष्टीसाठी कौतुक वाटत असे, ती म्हणजे पुढच्या साहसाचे आश्वासन देऊन त्याने ग्रंथ संपवला होता. ते आश्वासन आपणच पुरे करावे, लेखणी उचलून कथा शेवटाला न्यावी, असे या वाचकाच्या मनात अनेकदा येऊन गेले. सर्व्हांतेसचा हेतू थट्टेचा होता, पण दीर्घ फँटसी (अद्भुतकथा) मालिकेच्या पुढच्या खंडाची वाट पाहणाऱ्या आजच्या वाचकाची मनःस्थिती त्या दोन-तीन वाक्यांत जशीच्या तशी उतरली आहे.

मौखिक परंपरेत लांबी हा दोष नव्हताच. ऐकणारे समोर बसलेले असेपर्यंत सांगणाऱ्याने कथा वाढवत न्यावी, हाच तिथला रिवाज होता. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने अमीर हमजाची दास्तान १८८३ ते १९१७ या काळात छापली, तेव्हा तिचे ४६ खंड भरले. कथा छापील पुस्तकात आली तशी वाट पाहणेही आले आणि लेखकाच्या आयुष्याची मर्यादाही आली. ‘चंद्रकांता’ लिहिणारे देवकीनंदन खत्री १९१३ साली वारले, तेव्हा त्यांची ‘भूतनाथ’ ही मालिका अर्धवट राहिली होती. ती पुढे त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली.

आजच्या दीर्घ फँटसी मालिकेचा साचा मात्र टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मुळे पडला, आणि तोही काहीसा अपघाताने. टॉल्किनच्या दृष्टीने ती एकच सलग कथा होती. युद्धोत्तर काळात कागद महाग होता आणि इतक्या मोठ्या पुस्तकात प्रकाशकाचे पैसे अडकण्याची भीती होती, म्हणून ती तीन खंडांत विभागली गेली. पहिले दोन खंड १९५४ साली आले. तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टांचे काम लांबल्याने तो ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दुसऱ्या खंडाच्या शेवटी शत्रूच्या हाती सापडलेल्या फ्रोडो या नायकाचे पुढे काय झाले हे कळायला वाचकांना जवळजवळ वर्षभर थांबावे लागले. ज्या परिशिष्टांमुळे हा उशीर झाला त्यांत राजवंशांचा इतिहास, कालगणना, लिपी आणि भाषा यांची माहिती होती, आणि त्या जगाला खोली आली ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच. वाचकाला ताटकळत ठेवणारी आणि त्याला तृप्त करणारी गोष्ट इथे एकच होती. या साहित्यप्रकाराचा पुढचा सारा इतिहास मला याच प्रसंगाचा विस्तार वाटतो. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किनने पुस्तकातला एक दोष मान्य केला आहे. तो असा, की पुस्तक फार लहान आहे.

१९६५ नंतर अमेरिकेत स्वस्त पेपरबॅक आवृत्त्यांमुळे हे पुस्तक तरुण वाचकांपर्यंत पोहोचले. १९७७ साली टेरी ब्रूक्सच्या ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ला मोठा खप मिळाला, आणि टॉल्किनच्या वळणाची नवी कथाही तितक्याच आवडीने वाचली जाते हे प्रकाशकांना उमगले. तेव्हापासून कागदाच्या टंचाईतून जन्मलेली तीन खंडांची विभागणी ही जणू या प्रकाराची रीतच बनली.

पण तीनवर थांबणे पुढे अनेकांना जमले नाही. अशा कादंबरीत लेखक मुख्य पात्रांच्या प्रवासाबरोबर एक जग उभे करत असतो. त्या जगाच्या नकाशावर जे शहर नुसते नावापुरते असते, तिथे एखादे पात्र पोहोचले की त्या शहराला सत्ताधारी लागतात, सत्ताधाऱ्यांना वैरी लागतात, आणि त्या वैऱ्यांची बाजू सांगण्यासाठी आणखी एक निवेदक लागतो. वाचकाला हे हवेच असते, किंबहुना दुसऱ्या खंडातल्या एखाद्या ओझरत्या उल्लेखाचा अर्थ सातव्या खंडात उलगडतो तेव्हा जो आनंद होतो, तो आटोपशीर कादंबरी देऊच शकत नाही. मात्र निवेदक वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी पाने कमी होतात, आणि कथेचा काळ पुढे सरकेनासा होतो. दोष केवळ लांबीचा असता, तर टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’च्या ४१ कादंबऱ्यांनीही वाचकाला असेच ताटकळत ठेवले असते. तिथे प्रत्येक कादंबरी आपल्यापुरती पूर्ण असल्यामुळे तसे होत नाही. वाचक अडकतो तो एकच कथानक अनेक खंडांवर ताणलेले असते तेव्हा.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मालिकाही तीन खंडांसाठीच योजलेली होती. पहिला खंड १९९६ साली आला आणि तिसरा २०००मध्ये. त्यानंतर कथेतली पाच वर्षे गाळून पुढे जाण्याचा बेत लेखकाने सोडून दिला. चौथा खंड आवाक्याबाहेर वाढला, तेव्हा त्याची पात्रांनुसार वाटणी झाली. २००५ साली आलेल्या त्या खंडात टिरियन, डेनेरिस आणि जॉन या प्रमुख पात्रांच्या निवेदनाची प्रकरणे नव्हती, ती २०११च्या पाचव्या खंडात आली. म्हणजे या तिघांच्या वाचकाला अकरा वर्षे थांबावे लागले. कथेवरची दूरचित्रवाणी मालिका २०१९ साली संपलीसुद्धा, तरी सहावा खंड आलेला नव्हता. अशा अनुभवांनंतर कित्येक वाचक मालिका पूर्ण झाल्याशिवाय पहिला खंड हातात घेत नाहीत. त्यांची सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण सुरुवातीचे खंड विकले गेले नाहीत तर पुढचे निघणे कठीण होते, ही अडचण तिच्यातून सुटत नाही.

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’मध्ये ताटकळणे आणि तृप्ती ही दोन्ही टोके दिसतात. १९९० साली सुरू झालेल्या या मालिकेचे चौदा खंड झाले, शिवाय पूर्वकथेचा एक. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. २००३ साली आलेल्या दहाव्या खंडाचा बराच भाग ती घडत असताना इतर पात्रे कुठे काय करत होती हे सांगण्यात जातो. त्या खंडावर निष्ठावंत वाचकही रागावले, आणि तो राग मला योग्य वाटतो. तरी ते पुढचा खंड घेत राहिले. जॉर्डन गंभीर आजारी पडला तेव्हा त्याने उरलेली कथा टिपणांत लिहून, काही घरच्यांना सांगून ठेवली. सप्टेंबर २००७ मध्ये तो वारला. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी मालिका पूर्ण करण्यासाठी ब्रँडन सँडरसन या लेखकाची निवड केली. एकाच शेवटच्या खंडाऐवजी तीन खंड लागले, आणि चौदावा जानेवारी २०१३ मध्ये आला. पहिल्या खंडापासून सोबत असलेल्या वाचकाने तेवीस वर्षांनी त्याचे शेवटचे पान वाचले, तेव्हा तो समारोपाचा प्रसंग जॉर्डननेच मृत्यूपूर्वी लिहून ठेवलेला होता.